देवपूरचे घर, ठाण्याचा मालक: भाड्याची व्यवस्था पाहणारा माणूस निवडताना आणि बदलताना

पांझरापार (धागाकर्ता)

माझ्या वडिलांनी १९९४ साली धुळ्यात, पांझरेच्या पलीकडे देवपुरात घर बांधले. आज त्या घरात चार भाडेकरू आहेत. तळमजल्यावर एक मोठे बिऱ्हाड आहे, वर दोन छोटी बिऱ्हाडे आहेत आणि मागच्या अंगाला एक सुटी खोली आहे, जी बहुतेक वर्षे कॉलेजच्या विद्यार्थ्यांकडेच असते. वडील २०१२ मध्ये आमच्याकडे ठाण्याला राहायला आले, तेव्हापासून हे घर दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेखाली चालते आहे. या काळात व्यवस्था पाहणारी तीन माणसे झाली. पहिली दोन बदलावी लागली, आणि त्यातला दुसरा बदल करताना जे सोसावे लागले, ते माझ्यासारख्या बाहेरगावी राहणाऱ्या घरमालकांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यामुळे सविस्तर लिहीत आहे.

पहिले गृहस्थ म्हणजे समोरचे दुकानदार, वडिलांचे जुने स्नेही. एक पैसाही न घेता त्यांनी चार वर्षे घर सांभाळले, आणि खरी अडचण नेमकी तिथेच होती. पैसे न घेणाऱ्या माणसाकडे हिशेब मागता येत नाही. भाडे रोख जमायचे, त्यातूनच प्लंबरला पैसे दिले जायचे, आणि दिवाळीत वडील धुळ्याला गेले की उरलेली रक्कम चहाच्या कपासोबत त्यांच्या हातात यायची. फसवणूक झाली असे मी म्हणणार नाही. पण मागची खोली पाच महिने रिकामी होती की भाडे थकले होते, हे आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही.

म्हणून २०१६ मध्ये आम्ही कार्यालय, पाटी आणि छापील पावतीपुस्तक असलेला एक एजंट नेमला. अटी अशा होत्या: जमलेल्या भाड्याच्या ८ टक्के मेहनताना, नवा भाडेकरू आणल्यास अर्ध्या महिन्याचे भाडे वेगळे, भाडे आणि अनामत त्याच्याकडे जमा, आणि दर महिन्याच्या १० तारखेला खर्च वजा करून उरलेली रक्कम आमच्या खात्यात. सह्या करायला सोपे जावे म्हणून वडिलांनी त्याला मुखत्यारपत्रही करून दिले. एकूण भाडे २३,५०० रुपये होते, म्हणजे मेहनताना १,८८० रुपये. एवढ्या पैशात डोक्याची कटकट जाते, असे तेव्हा आम्हाला वाटले.

पहिली दोन वर्षे खरोखरच उत्तम गेली. नंतर मासिक हिशेबात ‘मोटर रिवाइंडिंग २,४००’ ही ओळ दिसू लागली. चौदा महिन्यांत ती तीनदा आली. धुळ्यात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येते, त्यामुळे हौद आणि त्यावरची मोटर हाच घराचा जीव असतो. मोटर जळाली म्हटल्यावर मालक वाद घालत नाही, हे ज्याला ठाऊक असते त्याला बरेच काही ठाऊक असते. एका मे महिन्यात मी न कळवता धुळ्याला गेलो, कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बरोबर घेतले आणि मोटर पाहिली. तिच्या मागच्या झाकणाच्या चारही नटांवरचा कारखान्यातला निळा रंग जसाच्या तसा होता, कुठेही फुटलेला नव्हता. ती मोटर एकदाही उघडलेली नव्हती. शेजारच्या आजींना एजंट किती वेळा येतो असे विचारले, तर त्या म्हणाल्या, “तो मानूस आठे येसच नही, भाऊ.”

पण मोटर ही खरी अडचण नव्हतीच. वडील २०१९ मध्ये गेले आणि २०२२ मध्ये एका भाडेकरूचे करारपत्र मी पहिल्यांदा नीट वाचले. शंभराच्या स्टॅम्प पेपरवर, नोटरीचा शिक्का मारलेला, ११ महिन्यांचा करार होता, आणि खाली ‘मालकातर्फे मुखत्यार’ म्हणून एजंटची सही होती, वडील गेल्यानंतर तब्बल तीन वर्षांनी केलेली. चारही करार त्याच जातीचे निघाले. ज्या दिवशी हे वाचले त्या दिवशी टक्केवारी, मोटर, सगळे विसरलो. आपले घर चौघांच्या ताब्यात आहे आणि आपल्या हाती धड एकही कागद नाही, एवढेच समोर उरले.

एजंट बदलायचे ठरवून पत्र दिले, तेव्हा त्याने तीन गोष्टी अडवल्या: किल्ल्या, कराराच्या मूळ प्रती आणि अनामत. त्याच्या वहीप्रमाणे अनामत ६५,००० रुपये होती, त्यातून ‘दुरुस्ती येणे बाकी’ म्हणून त्याने २२,४०० रुपये कापून दाखवले. दुसरीकडे वरच्या मजल्यावरील भाडेकरूने त्याच एजंटच्या छापील पावतीवर २०,००० रुपये भरल्याचे दाखवले, वहीत मात्र त्याच्या नावावर १५,००० होते. अडीच महिन्यांच्या ओढाताणीनंतर दोन हप्त्यांत ४८,००० रुपये मिळाले. उरलेले मी सोडून दिले, पण भाडेकरूंची अनामत मात्र त्यांच्या पावतीप्रमाणेच धरली, कारण त्यांनी पैसे आमच्या माणसाच्या हाती दिले होते आणि तो माणूस आम्हीच नेमला होता.

तिसरी व्यवस्था आज तीन वर्षांहून जास्त काळ चालू आहे. त्याबद्दल पुढे लिहितोच, पण त्याआधी इतरांचे अनुभव वाचायला आवडतील.

वाळवण

पांझरापार, आपला अनुभव वाचून वाईट वाटले, पण ‘पैसे न घेणाऱ्याकडे हिशेब मागता येत नाही’ हे वाक्य मला सरसकट मान्य नाही. जळगावला महाबळ भागात आमचा एक फ्लॅट आहे आणि तो माझे धाकटे दीर पाहतात. भाडे थेट माझ्या खात्यात येते, दिरांच्या हाती एक रुपयाही जात नाही. त्यांनी फक्त भाडेकरूची पारख करायची, वर्षातून दोनदा घर आतून पाहायचे आणि सोसायटीच्या बैठकीला जायचे. नात्यातला माणूस भाडेकरू निवडताना जे पाहतो ते एजंट पाहणार नाही. दिरांनी एकदा चांगले भाडे देणारा माणूस केवळ एवढ्यासाठी नाकारला, की तो घर पाहायला आला तेव्हा त्याने स्वयंपाकघरात डोकावलेसुद्धा नाही, फक्त गाडी लावायची जागा आणि गच्चीची वाट विचारली. पुढे कळले की त्याला तिथे मालाचे गोदाम करायचे होते. म्हणून माझ्या मते आपल्याकडे चूक नात्याची झाली नाही, रोख रकमेची झाली. आपण दोन्हींची गाठ एकत्र मारली आहे.

कागदपत्रे

मी वकिली करतो. प्रकरणाचे कागद पाहिल्याशिवाय सल्ला देत नाही, पण या धाग्यातील काही मुद्द्यांवर कायदा स्पष्ट आहे म्हणून लिहितो.

पहिला मुद्दा ११ महिन्यांचा. खानदेशातच काय, साऱ्या महाराष्ट्रात असा पक्का समज आहे की करार १२ महिन्यांच्या आत ठेवला की नोंदणी लागत नाही. प्रत्यक्षात महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार असो वा लीव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती घर वापरण्याची परवानगी), तो लेखी असावा लागतो आणि त्याची नोंदणी व्हावी लागते, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून व्यवहारातली मोठी गोष्ट ही, की नोंदणीकृत करार नसेल तर कोणत्या अटींवर घर दिले याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. आणि खर्च तरी किती? मुद्रांक शुल्क मुदतीतील एकूण भाडे अधिक परतीच्या अनामतीवर वार्षिक १० टक्क्यांनी धरलेले व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के असते. महिना ८,००० भाडे आणि २५,००० अनामत असा ११ महिन्यांचा करार असेल तर ते तीनशे रुपयांच्या पुढे जात नाही. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये आहे. मुदत संपल्यावर लायसन्सवरील माणूस हटला नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि ताबा मिळेपर्यंत दुप्पट दराने भरपाई मागता येते.

दुसरा मुद्दा मुखत्यारपत्राचा. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे मालकाच्या मृत्यूबरोबर मुखत्याराचा अधिकार संपतो. वडील गेल्याचे माहीत असूनही त्या एजंटने सह्या केल्या असतील तर तो त्याचा दोष, पण वारसांनी तीन वर्षे कागद पाहिले नाहीत हेही तितकेच खरे, रागावू नका.

तिसरा मुद्दा बदलाचा, आणि इथे माणसे सर्वांत जास्त चुकतात. एजंटला काढल्याची गोष्ट तिसऱ्या पक्षाला कळेपर्यंत त्याच्यापुरती ती लागूच होत नाही, असे याच करार अधिनियमाचे कलम २०८ सांगते. म्हणजे तुम्ही १ तारखेला एजंट बदलला आणि भाडेकरूला २० तारखेला सांगितले, तर मधल्या काळात त्याने जुन्या एजंटला दिलेले भाडे तुम्हालाच मिळाले असे धरावे लागेल. हिशेब मागण्याचा हक्क कलम २१३ मध्ये आहे, मागितला की द्यावाच लागतो. मात्र कलम २२१ मालकांना आवडणारे नाही: मेहनताना थकला असेल, तर उलट करार नसल्यास एजंट तुमचे कागद आणि वस्तू अडवून ठेवू शकतो. म्हणून नेमणुकीच्या करारातच लिहून घ्यावे, की येणे बाकी असले तरी किल्ल्या, मूळ कागद आणि अनामत सात दिवसांत परत करावी लागेल.

केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या मसुद्यात मालमत्ता व्यवस्थापकाची कर्तव्ये लिहिलेली आहेत, पण आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो. महारेराची (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाची) एजंट नोंदणी प्रकल्पातील विक्रीच्या व्यवहारासाठी असते, भाड्याची व्यवस्था पाहणाऱ्यासाठी नाही. तेव्हा कोणी तो क्रमांक दाखवून भरवसा देत असेल तर त्यावरून भाड्याच्या कामाबद्दल काहीही ठरवू नये.

जंक्शन

मी पलीकडच्या बाजूचा माणूस आहे. भुसावळला बाहेरगावी राहणाऱ्या मालकांची आठ घरे मी पाहतो, आणि मालकांबद्दल तक्रार करण्याची संधी क्वचित मिळते, म्हणून राहवले नाही.

भुसावळला रेल्वे, आयुध निर्माणी आणि दीपनगरची वीज वसाहत यांमुळे पगारदार भाडेकरूंची ददात नाही, पण हा भाडेकरू बदलीचा असतो. बदल्यांचा हंगाम साधारण शाळेच्या सुट्टीत येतो, म्हणजे घर रिकामे व्हायचे ते एप्रिल-मेमध्येच, आणि त्याच वेळी पारा ४५ अंशांवर असतो. अशा दिवसांत घर दाखवायचे तर खिडकीला कूलर बसवायची सोय हवी. गेल्या वर्षी एका मालकांना मी मार्चमध्ये कळवले, की मागच्या खिडकीची लोखंडी जाळी कूलरच्या पाण्याने गंजली आहे, खालच्या भिंतीत ओल उतरली आहे, अँगलचे स्टँड लावून पाण्याची नळी बाहेर काढली तर साडेतीन हजारांत काम होईल. त्यांनी तीन वेगवेगळी दरपत्रके मागवली, मग फोटो, मग व्हिडिओ, आणि मग ते यात्रेला गेले. भाडेकरूने मेच्या पहिल्या आठवड्यात घर सोडले. ते जुलैपर्यंत रिकामे राहिले आणि शेवटी त्याच भिंतीचा गिलावा काढावा लागला.

पांझरापार यांच्या एजंटचे समर्थन मी करत नाही. न उघडलेल्या मोटरचे तीनदा पैसे घेणे ही चोरी आहे. पण आठ टक्क्यांत, म्हणजे त्यांच्या एका बिऱ्हाडामागे सरासरी पावणेपाचशे रुपयांत, दर आठवड्याला कोणी चक्कर मारेल ही अपेक्षाही चुकीची आहे. मेहनताना इतका कमी ठेवला की माणूस तो दुरुस्तीतून भरून काढतो, हे मालकांनाही मनातून ठाऊक असते. मी ठरावीक रक्कम घेतो, भेटींची संख्या लिहून देतो आणि दुरुस्तीच्या कारागिराचे पैसे मालकाने कारागिरालाच परस्पर पाठवावेत असा आग्रह धरतो. सुरुवातीला मालकांना ही कटकट वाटते. नंतर तेच आपल्या मित्रांना माझे नाव सांगतात.

पांझरापार

वाळवण ताई, आपले म्हणणे मान्य. मी दोन दोष एकाच माणसावर टाकले. समोरच्या काकांच्या जागी तेव्हा थेट बँकेत भाडे भरून घेतले असते, तर कदाचित आजही तेच घर पाहत असते. वकीलसाहेब, तीन वर्षे कागद पाहिले नाहीत हा टोला योग्य जागी बसला.

आता तिसऱ्या निवडीबद्दल. आता घर पाहणारे अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आहेत आणि देवपुरातच पायी दहा मिनिटांवर राहतात. आयुष्यभर मोजमाप पुस्तक लिहिलेला माणूस घराचीही तशीच नोंद ठेवतो: तारीख, काय पाहिले, कोण भेटले, मीटरचे आकडे. नेमण्याआधी मी तीन जणांशी बोललो होतो. तिघांनाही एकच प्रश्न विचारला: “मागच्या वर्षी तुमच्याकडचे एखादे घर रिकामे झाले, तेव्हा अनामतीतून काय काय कापले आणि ते भाडेकरूला कसे पटवले?” पहिला म्हणाला, आमच्याकडे असे वाद होतच नाहीत. दुसऱ्याने मेहनतान्यात सूट देऊ केली. अण्णांनी पिशवीतून वही काढली आणि त्यांच्या बहिणीच्या घराचा एक हिशेब दाखवला, ज्यात फुटलेल्या वॉश बेसिनचे ९०० रुपये कापले होते आणि शेजारी भाडेकरूची सही होती. माझी निवड तिथेच झाली.

अटी अशा आहेत. महिना २,५०० रुपये ठरावीक, घर भरलेले असो वा रिकामे. भाडे आईच्या खात्यात थेट जमा होते, अनामतही. १,००० रुपयांपर्यंतची दुरुस्ती अण्णा न विचारता करतात, त्यापुढे फोटो आणि आमचा होकार. मुखत्यारपत्र कोणालाही दिलेले नाही. वारस नोंद करून घेतल्यावर आईच्या आणि आम्हा भावंडांच्या नावाने नवे नोंदणीकृत करार केले आणि चारही भाडेकरूंनी कुरकुर न करता अंगठे दिले, कारण त्यांनाही कागद हवाच होता. विद्यार्थ्यांच्या खोलीसाठी आता पालकांची सहीही साक्षीदार म्हणून घेतो.

जंक्शन यांनी पैशांची गोष्ट काढली म्हणून एक जोडतो. प्राप्तिकरात घरभाड्याच्या उत्पन्नातून प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा जाते आणि उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. अण्णांचे २,५०० किंवा दुरुस्तीचा खर्च वेगळा दाखवता येत नाही. त्यामुळे मेहनताना करातून सुटेल असा हिशेब करून जास्त टक्केवारी मान्य करू नये.

शहाद्याचा

धागा उपयुक्त आहे. माझे नंदुरबारला घर आहे आणि मी येत्या महिन्यात व्यवस्था पाहणारा माणूस बदलतो आहे. नेमके बदलाच्या दिवशी काय काय केले, ते क्रमाने सांगाल का? कलम २०८ वाचून धडकी भरली आहे.

पांझरापार

माझ्या चुकांतून शिकलेला क्रम सांगतो, म्हणजे मी केला तसा नव्हे, आज करायचा झाला तर करीन तसा. जुन्या माणसाला नोटीस देण्याआधी भाडेकरूंना भेटावे आणि त्यांच्याकडच्या पावत्या, करार आणि अनामतीच्या नोंदींचे फोटो घ्यावेत. मी हे नोटिशीनंतर केले, तोवर एका भाडेकरूला एजंटचा फोन जाऊन पोचला होता. नंतर एकाच दिवशी दोन्हीकडे पत्रे द्यावीत, एजंटला महिन्याची मुदत देणारे आणि प्रत्येक भाडेकरूला यापुढे भाडे कोणत्या खात्यात भरायचे ते सांगणारे. भाडेकरूच्या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह सही घ्यावी, व्हॉट्सअ‍ॅपच्या दोन निळ्या खुणांवर अवलंबून राहू नये. त्याच दिवशी सर्व मीटरचे आकडे लिहावेत. महावितरणचे बिल ग्राहक क्रमांक टाकून घरबसल्या पाहता येते. मी त्या दिवशी पाहिले, तर मागच्या खोलीचे चार महिन्यांचे बिल थकलेले होते आणि ते विद्यार्थी परीक्षा देऊन केव्हाच गावी गेले होते.

जंक्शन

एक राहिले. किल्ल्या मोजून घ्या, आणि नुसत्या मोजू नका, प्रत्येक कुलपाला लावून पाहा.

पांझरापार

जंक्शन भाऊ, हे आधी सांगितले असते तर बरे झाले असते. आमच्या एजंटने शेवटी एका मिठाईच्या खोक्यात अकरा किल्ल्या परत केल्या. अण्णांनी एक संपूर्ण दुपार घालवून त्या लावून पाहिल्या. सात कुलपे उघडली आणि चार किल्ल्या कुठल्याच दाराच्या नव्हत्या. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची किल्ली मात्र त्यांत नव्हतीच, आणि पाण्याचा दिवस दुसऱ्याच सकाळी होता. अण्णांनी करवतीने कुलूप कापले. त्यांच्या वहीत त्या तारखेला नोंद आहे: ‘टाकीचे कुलूप कापले, नवे बसवले, १८० रुपये, पावती जोडली. किल्ल्या दोन: एक माझ्याकडे, एक खालच्या बिऱ्हाडाकडे. टाकी आतून पाहिली, तळाला चार बोटे गाळ.’